पिंपाची भट्टी : आगीच्या लोखंडी घराची गोष्ट

वाचकहो, बहिरमच्या यात्रेला आपण कधी गेला असाल, तर तिथला वास आपल्या लक्षात असेलच. परतवाड्याहून बैतूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, डिसेंबरच्या अखेरीपासून महिनाभर ही यात्रा चालते. राहुट्यांपुढे मातीच्या हंड्या चुलीवर चढलेल्या असतात आणि बाजूला गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत रोडगे भाजत असतात. अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला त्या धुरकट चवीचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. वांग्याचं भरीत आपण निखाऱ्यावर भाजतो ते कशासाठी? वांगं काय, पाण्यातही शिजतं. धुराचा गुण त्यात उतरावा म्हणूनच ही खटपट.

अलीकडे एक नवी वस्तू दिसू लागली आहे. दोनशे लिटरचं रिकामं लोखंडी पिंप कापून, त्याला दार, जाळी आणि धुराडं लावून भट्टी करतात. तिच्यात कणसं, वांगी, कोंबडी, मासे मंद धुरावर शिजवतात. ही वस्तू विलायती वाटते खरी. पण तिच्यामागचा इतिहास पाहू गेलं तर त्याची बरीच वाट आपल्याच गावावरून जाते. आज तीच वाट आपण चालून पाहू. आणि अशी भट्टी करायचीच झाली तर ती जिवावर न बेतता कशी करावी, हेही शेवटी सांगणार आहे.

आग आणि लोखंड यांचा विदर्भातला संबंध फार जुना. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीच्या काठी नायकुंड नावाचं गाव आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथं उत्खनन झालं आणि लोखंड गाळण्याची एक लहानशी मातीची भट्टी सापडली. ती सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वीची मानतात. मोठमोठ्या दगडांची शिळावर्तुळं रचून मृतांना पुरणाऱ्या लोकांची ती भट्टी. गंमत पाहा, तिथं आगीचं घर मातीचं होतं आणि त्या घरातून लोखंड बाहेर पडत होतं. लोखंडाचंच घर करून त्यात आग ठेवावी, ही गोष्ट पुढं अडीच हजार वर्षं आपल्या खेड्यांत फारशी कोणाला परवडणारी नव्हती.

कारण सरळ आहे. लोहाराकडचं लोखंड मोलाचं. ते नांगराच्या फाळाला जाई, कुऱ्हाडीला, विळ्याला आणि गाडीच्या चाकाच्या धावेला जाई. लोहार घणानं ठोकून फाळ करील, पण पातळ, सारख्या जाडीचा, हात-दोन हात रुंद पत्रा हातानं काढणं हे अतिशय कष्टाचं काम. म्हणून घरातली चूल मातीची राहिली आणि शेगडीही मातीची राहिली. पत्रा स्वस्त होईपर्यंत लोखंडी शेगडी गरिबाच्या घरी येणार कुठून?

तो पत्रा आणला रेल्वेनं. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती आला आणि त्याच वर्षी मुंबई ते ठाणे पहिली आगगाडी धावली. पुढं १८६७ साली भुसावळ, अकोला, बडनेरा असा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. इंग्रजांना वऱ्हाडचा कापूस हवा होता. गाडीनं कापसाच्या गाठी मुंबईस जात आणि परत येताना विलायती माल येई. त्या गाठी दाबून बांधायला लोखंडी पट्ट्या लागत. जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांतून लोखंड कापणारे, ठोकणारे, जोडणारे हात तयार झाले. आणि त्याच गाडीनं रॉकेल आलं, पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून.

या डब्याचा इतिहास आपल्या शाळांत शिकवीत नाहीत. तो शिकवावा असं मला वाटतं. तेल संपलं की डबा उरे, आणि डबा कोणी फेकत नसे. त्यात धान्य भरत, पीठ भरत, कावडीला बांधून पाणी आणत, उलगडून छपराला ठोकत. या डब्याची मागणी इतकी वाढली की त्याचा पत्रा इथंच करावा म्हणून १९२० साली जमशेदपूरजवळ गोलमुरी इथं टिनप्लेट कंपनी निघाली. टाटांचं पोलाद आणि बर्मा ऑइलची डब्यांची गरज, असा तो जोड होता.

याच डब्यातून खेड्यातली लोखंडी शेगडी जन्मली. भुशाची शेगडी आपल्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. डब्याला खालच्या बाजूला एक भोक पाडायचं. मध्ये एक गोल लाकूड उभं धरायचं, खालच्या भोकातून दुसरं आडवं घालायचं, आणि सभोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा. मग दोन्ही लाकडं हळूच काढून घेतली की भुशात एक नळी तयार होते. खालून हवा आत येते, वरून ज्वाळा निघते आणि भरलेला डबा कितीतरी वेळ एकसारखा जळतो. यात शास्त्र एकच. हवा मोजून दिली की आग आपल्या हुकमात राहते. नायकुंडच्या भट्टीत भाता फुंकून हवा वाढवीत. इथं भोक लहान ठेवून हवा कमी करतात.

आता दोनशे लिटरचं पिंप. हे अमेरिकेतलं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका कारखान्यात हेन्री वेरहान नावाच्या कारागिरानं त्याची रचना केली आणि १९०५ साली तिचं पेटंट घेतलं. अंगावर कडी उठवलेली असल्यानं ते पिंप एकटा माणूस लोळवीत नेऊ शके. दुसऱ्या महायुद्धात अशी असंख्य पिंपं इंधन भरून जगभर गेली आणि युद्ध संपल्यावर रिकामी पडून राहिली. त्रिनिदाद बेटावरच्या गरीब वस्त्यांतल्या पोरांनी १९४० च्या दशकात त्यांतून सुरेल वाद्य घडवलं. अमेरिकेत त्यांच्या मांस भाजायच्या भट्ट्या झाल्या. १९५२ साली शिकागोकडच्या एका पत्राकामाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन या गृहस्थानं समुद्रात तरंगणारा लोखंडी बोया मधोमध कापून झाकणाची शेगडी बनवली. ती पुढं जगभर विकली गेली. टाकून दिलेल्या लोखंडातून उपयोगाची वस्तू काढणं, हा काही एका देशाचा गुण नव्हे.

तर अशी भट्टी करायची कशी? सर्वांत आधी पिंप कोणतं घ्यावं ते पाहा. खाद्यतेलाचं घ्या. कीटकनाशकाचं किंवा कोणत्याही रसायनाचं पिंप कितीही धुतलं तरी घेऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. तेच विष तापलेल्या पत्र्यातून अन्नात यायला नको. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको. वेल्डिंग करताना किंवा फार तापल्यावर जस्ताची वाफ निघते आणि ती हुंगणाऱ्याला थंडी वाजून ताप भरतो.

दुसरी गोष्ट, रिकामं दिसणारं पिंप रिकामं नसतं. आत तेलाची वाफ असते, आणि ठिणगी पडली की पिंप फुटतं. म्हणून दोन्ही बुचं काढा, सोड्याच्या गरम पाण्यानं धुवा, आणि कापायच्या रेषेच्या खालपर्यंत पाणी भरून छिन्नीनं कापा. पेट्रोल किंवा थिनरचं पिंप असेल तर मोह सोडा.

मग तळाजवळ दोन सेंटिमीटर व्यासाची तीन-चार भोकं पाडा आणि त्यांना सरकती झाकणं लावा. कोळशाची टोपली तळाशी, आणि तिच्यापासून सुमारे दीड-दोन फूट उंच अन्नाची जाळी. जाळीच्या सळया साध्या लोखंडाच्या किंवा स्टेनलेसच्या असाव्यात. झाकणाला धूर जायला वाट ठेवा. आतलं तापमान एकशेदहा अंशांच्या आसपास राहिलं की मांस जळत नाही, सावकाश शिजतं. पांढरा दाट धूर निघत असेल तर आग गुदमरते आहे असं समजा. अन्न कडू होईल. विरळ, निळसर धूर हवा. लाकूड वाळलेलं बाभळीचं चालेल. रंग लावलेलं जुनं फर्निचर कदापि नको.

शेवटचं काम, म्हणजे पूर्णाहुतीच म्हणा ना, ते जवसाच्या तेलाचं. आधी उघड्यावर दोन-तीन तास मोठी आग करून आतला जुना रंग जाळून टाका आणि घासून काढा. मग आतून जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवून भट्टी पुन्हा तापवा. जवसाचं तेल नुसतं सुकत नाही. हवेतला प्राणवायू घेऊन ते घट्ट पापुद्रा धरतं आणि लोखंडाला गंज चढू देत नाही. आपल्या आया नवा तवा तेल लावून तापवीत, तेच हे. आपल्या विदर्भातलं हे पीक, त्याचा हा उपयोग विसरू नये. बाहेरून मात्र उष्णता सोसणारा रंग द्या. साधा रंग सोलून पडतो.

आता धुराबद्दल दोन शब्द, कारण खरी गोष्ट तीच आहे. धुरानं आपलं पुष्कळ भलं केलं. चुलीवर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना कीड लागत नसे आणि आढ्याच्या लाकडाला काजळी धरली की ते टिके. पण हाच धूर चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या छातीत गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळं जगात सुमारे बत्तीस लाख माणसं मेली. वर्ध्याच्या मगनवाडीत हा प्रश्न फार आधी हाती घेतला गेला. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथं चाले, आणि तिथूनच धुराड्याची मगन चूल निघाली. १९८३ मध्ये सुधारित चुलींची सरकारी योजना आली, २०१६ मध्ये उज्ज्वला गॅस आला. तरीही सिलिंडर महाग झाला की पऱ्हाट्या पुन्हा चुलीत जातात, हे आपण पाहतोच.

म्हणून पिंपाची भट्टी जरूर करा. पण ती अंगणात ठेवा, घरात कधीही नको. तिचा न दिसणारा विषारी वायू बंद खोलीत झोपेतच माणूस मारतो. आणि ज्या हातांनी सणासुदीला हौसेची भट्टी बनवाल, त्याच हातांनी घरातल्या चुलीवरही एक धुराडं बसवा. पत्रा तोच, छिन्नी तीच.

शिक्षकमित्रांना एक विनंती. मुलांना सांगा, आपापल्या घरी डब्यापासून आणि पिंपापासून केलेल्या वस्तू शोधून त्यांची यादी करा, आणि त्या कोणी केल्या ते आजीला विचारा. गावचा इतिहास लिहायला ताम्रपटच सापडायला हवा असं नाही. रॉकेलच्या डब्यापासूनही सुरुवात करता येते.