गीझरमधला चुना आणि पुण्याच्या पाण्याचा इतिहास

थोडं मोठं लिहितोय, पण पुण्यात आणि पुण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी सवडीने वाचा.

एकाच कंपनीचा, एकाच वर्षी घेतलेला गीझर सदाशिव पेठेत वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो आणि वाघोलीत किंवा उंड्रीत त्याची कॉइल वरचेवर बदलावी लागते. मेकॅनिक कॉइल काढून दाखवतो, तर तिच्यावर पांढरा, दगडासारखा टणक थर. वॉशिंग मशीनचं तेच, नळाच्या जाळीचं तेच. आपण म्हणतो, "हल्लीच्या वस्तूच टिकत नाहीत." माझं म्हणणं असं की यात वस्तूपेक्षा पाण्याचा हात मोठा आहे, आणि त्या पाण्यामागे पावणेतीनशे वर्षांचा इतिहास आहे.

शाळेत शिकलेला शब्द आठवा: दुष्फेन पाणी. ज्यात साबणाला फेस येत नाही ते. पावसाचं पाणी मुळात मृदू असतं. ते जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली जातं. आपल्या काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि काळ्या मातीत चुनखडी भरपूर. हीच चुनखडी भाजून, घाणीत मळून जुन्या वाड्यांचा चुना तयार होत असे. बोअरच्या पाण्यात ती विरघळलेली असते, म्हणून दिसत नाही. पाणी तापलं की मात्र बाहेर पडते आणि सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर, जाऊन बसते. थर बसला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, वीज जास्त लागते आणि कॉइल आतल्या आत तापून जळते.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, बंबाच्या आत पांढरी खपली धरते, हे घराघरातलं ज्ञान. पण बंब तांब्याचा आणि भक्कम. खपली खरवडली, चिंच लावून घासला की पुन्हा कामाला लागायचा.

आता इतिहास. 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून बंदिस्त नळातून शहरात पाणी आणलं आणि हौद भरले. शहरात आड-विहिरी असतानाही डोंगराचं पाणी मैलोगणती लांबून आणण्याचा खटाटोप राज्यकर्त्यांनी केला. पुढे इंग्रजांच्या काळात, 1879 मध्ये, खडकवासल्याचं धरण पूर्ण झालं. इंजिनिअर फाइफ यांच्या नावावरून त्या जलाशयाला 'लेक फाइफ' म्हणत. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, खडकवासलाही फुटलं. तरी शहराने धरणांचा नाद सोडला नाही. दोन्ही पुन्हा उभी राहिली, पुढे वरसगाव आणि टेमघर झालं.

या धरणांत साठतं ते सह्याद्रीवरचं पावसाचं पाणी. खडकात फारसं न मुरता आलेलं, म्हणून मृदू. पेठांतला, कोथरूडमधला गीझर टिकतो तो या सार्वजनिक खर्चाच्या जिवावर. "पुण्याचं पाणीच चांगलं" असं आपण म्हणतो ना, ते पाणी आपोआप चांगलं झालेलं नाही. कुणीतरी निर्णय घेतले, पैसा ओतला, मावळातल्या गावांनी जमिनी दिल्या.

मग शहर नळाच्या पुढे पळालं. 1972 च्या दुष्काळानंतर बोअर घेण्याचं तंत्र महाराष्ट्रभर पसरलं होतंच. इमारती आधी आणि पाइपलाइन नंतर, असा क्रम लागला. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं महापालिकेत आली, पण त्यातल्या अनेक भागांत आजही बोअर आणि टँकरवरच दिवस निघतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणतात. इथे उलटं आहे: आडात जे आहे ते सगळं पोहऱ्यात येतं आणि तिथून थेट गीझरमध्ये.

हिशेब करून बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. समजा तुमच्या टँकरच्या पाण्याचा आकडा 400 आहे. मग 10,000 लिटरच्या एका टँकरबरोबर 4 किलो चुनखडी सोसायटीत येते. रोज पाच टँकर, तर 20 किलो. ही सगळी काही थर धरत नाही, पण जी धरते तिचा खर्च प्रत्येक घर वेगवेगळा, गुपचूप भरतं. आरओने हा प्रश्न सुटत नाही, कारण तो स्वयंपाकघरातल्या एका नळापुरता, आणि बरंच पाणी वाया घालवणारा. सॉफ्टनर उपयोगी पडतो, पण त्याला मीठ लागतं आणि ते खारं पाणी शेवटी गटारातच जातं.

एकेकाळी शहराने मिळून सोडवलेला प्रश्न आपण प्रत्येकाच्या बाथरूममध्ये ढकलून दिला आहे, ही माझी खरी तक्रार. कर सगळ्यांना, मृदू पाणी काहींना.

म्हणून तीन गोष्टी करा. सोसायटीच्या बोअरचं आणि टँकरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून कठीणपणाचा आकडा नोटीस बोर्डवर लावा. फ्लॅट घेताना पार्किंगइतक्याच आवर्जून हा आकडा विचारा. आणि मत मागायला येणाऱ्याला "पाणी कधी?" एवढंच विचारून थांबू नका, "कुठलं पाणी?" हेही विचारा. तोवर गीझरचं तापमान 50-55 अंशांवर ठेवा, थर कमी धरतो.

तुमच्या भागातला आकडा कळला तर जरूर सांगा. सगळे आकडे एकत्र मांडले तर शहराचा एक वेगळाच नकाशा दिसेल.