परमुलखात घडलेले आयरिश संगीत

आयर्लंडच्या पारंपरिक संगीताचा बराचसा अर्वाचीन इतिहास आयर्लंडबाहेर घडला. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि साथींनी मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या खानेसुमारीत सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १९०१ पर्यंत ४५ लाखांच्या खाली आली. गेलेल्यांबरोबर जिग, रील, हॉर्नपाइप या नाचांच्या चालीही गेल्या. त्यांतल्या बहुतेक कागदावर कधी उतरल्याच नव्हत्या. वादक कानाने शिकत, आणि ज्या गावातून शेवटचा वादक बोटीवर चढला तिथल्या चाली गावापुरत्या संपत.

त्या गोळा केल्या शिकागोच्या एका पोलीस अधिकाऱ्याने. फ्रान्सिस ओनील यांचा जन्म १८४८ चा, कॉर्क परगण्यातील ट्रॅलिबेनचा. किशोरवयातच त्यांनी घर सोडून जहाजावर नोकरी धरली, पॅसिफिकमध्ये जहाजफुटीतून वाचले आणि १८७३ मध्ये शिकागोच्या पोलीस दलात शिरले. १९०१ ते १९०५ ते त्या दलाचे प्रमुख होते. त्या काळी शिकागोत आयर्लंडच्या निरनिराळ्या परगण्यांतून आलेली माणसे शेजारी-शेजारी राहत. मायदेशी जे वादक एकमेकांना कधी भेटले नसते, ते इथे एका खोलीत बसून वाजवत. चांगला वादक दिसला की ओनील त्याला पोलिसात नोकरी लावून देतात, अशी त्यांची ख्याती होती. ते स्वतः बासरी वाजवत आणि शेकडो चाली त्यांना तोंडपाठ होत्या, पण स्वरलेखन जमत नसे. ते काम फिडलवादक जेम्स ओनील यांनी केले. हेही पोलीसच, आडनाव एक असले तरी नाते नव्हते. एकाने चाल ऐकवायची, दुसऱ्याने लिहून घ्यायची. या उद्योगातून १९०३ मध्ये १८५० चालींचा संग्रह निघाला आणि १९०७ मध्ये निव्वळ नाचाच्या १००१ चालींचा. याआधीचे संग्राहक बहुधा विद्वान श्रोते होते. ओनील यांचे हे १९०७ चे पुस्तक वादकांनी वादकांसाठी केले होते, आणि म्हणूनच ते आयर्लंडमध्ये परत जाऊन घरोघर वापरले गेले. वादक त्याला नुसते ‘पुस्तक’ म्हणू लागले, यात त्याचे मोल आले.

चालींप्रमाणेच नाचाचेही झाले. ‘केली’ हा सामूहिक नाचाचा कार्यक्रम फार प्राचीन समजला जातो. पण त्या नावाचा पहिला जाहीर कार्यक्रम १८९७ मध्ये लंडनला झाला. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी झटणाऱ्या गेलिक लीगच्या तिथल्या शाखेने तो भरवला आणि त्याचा नमुना लंडनमधील स्कॉटिश मेळाव्यांवरून घेतला.

पुस्तकामागोमाग ध्वनिमुद्रिका परतल्या. स्लायगो परगण्याचे फिडलवादक मायकल कोलमन १९१४ मध्ये अमेरिकेला गेले. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या त्यांच्या तबकड्या नातेवाइकांनी गावी पाठवल्या. वेगवान, नखरेल स्लायगो ढंग सगळीकडे ऐकू येऊ लागला, आणि अनेक तरुण वादकांनी आपल्या परगण्याची धाटणी सोडून कोलमन यांची उचलली. हा तोटा लहान नव्हता.

आयर्लंडमध्ये १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचांना परवाना लागू लागला आणि खेड्यांतले घरगुती नाच मागे पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या बांधकामांवर आयरिश मजूर मोठ्या संख्येने आले. भाड्याच्या खोल्यांत वाजवायला जागा नसे, म्हणून ते कॅम्डन टाउनसारख्या भागांतल्या पबमध्ये वाद्ये घेऊन जमत. पबमधली ही बैठक, आज पर्यटक जी अस्सल आयरिश म्हणून शोधतात, तिला रूप आले ते अशा परक्या शहरातल्या गरजेतून. आयर्लंडमध्ये ती रुजली १९५१ नंतर. त्या वर्षी मलिंगार येथे वादकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि तिच्या वार्षिक संगीतमेळ्यांनी पबची दारे वादकांना उघडली.

१९९४ मध्ये डब्लिनच्या युरोव्हिजन स्पर्धेच्या मध्यंतरात ‘रिव्हरडान्स’ सादर झाले. सुमारे सात मिनिटांचा तो नाच पुढे पूर्ण प्रयोग होऊन जगभर फिरला. त्यातले दोन्ही प्रमुख नर्तक, मायकल फ्लॅटली आणि जीन बटलर, अमेरिकेत जन्मलेले होते. फ्लॅटली तर वाढले शिकागोतच.