कॉकटेलचा टंच

कॉकटेलमध्ये मद्यार्क किती टक्के, हे काढण्याचा हिशेब बारमध्ये जन्मलेला नाही. तो सोनाराच्या मुशीतून निघाला, असे माझे म्हणणे आहे. कोल्हापूरच्या गुजरीत किंवा हुपरीच्या चांदीकामात कमीजास्त टंचाचा माल एकत्र आटवायचा असेल, तर लगडीचा टंच किती उतरेल याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. प्रत्येक तुकड्याचे वजन त्याच्या टंचाने गुणायचे, आलेल्या रकमा मिळवायच्या आणि एकूण वजनाने भागायचे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) याचे नाव सुवर्णगणित. त्यातले सोने आहे १३, १२, ११ आणि १० वर्णांचे (वर्ण म्हणजे टंचाचेच माप), अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे. बेरीज २४०, वजन २० मासे, म्हणून मिश्रण १२ वर्णांचे. खरी गंमत पुढच्या प्रश्नात आहे: हेच सोने शुद्ध करताना २० चे १६ मासे उरले, तर वर्ण कोणता? तेच २४०, आता भागिले १६, उत्तर १५.

आता ४२.८ टक्क्यांची ६० मिली जिन आणि १५ टक्क्यांची ३० मिली व्हर्मूथ घ्या. गुणाकारांची बेरीज ३०१८. ९० ने भागले की साडेतेहतीस टक्के. ढवळताना बर्फाचे ३० मिली पाणी उतरले, तर भाजक १२० होतो आणि उत्तर २५ वर येते. सोनार हीण जाळून भाजक घटवतो, बारवाला बर्फ वितळवून तो वाढवतो. वरची रक्कम दोघांचीही जागची हलत नाही.

यावर कोणी म्हणेल, सरासरी कुणालाही सुचते, तिला कुळ कशाला हवे? सरासरी सुचते, हे कबूल. पण मिश्रणाचे वजन बदलले तरी आतले शुद्ध सोने तेवढेच राहते, हे ओळखून त्यावर वेगळे सूत्र रचणे सहज सुचणारे नाही. बख्शाली हस्तलिखितात आणि नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातल्या महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’तही सोन्याच्या भेसळीचा हिशेब आहे. युरोपात पिसाच्या लिओनार्दोने १२०२ च्या ग्रंथात नाण्यांच्या धातुमिश्रणाला अख्खे प्रकरण दिले. ज्या वाटेने आपले अंक अरबांकडून तिकडे गेले, त्याच वाटेने हा हिशेबही गेला असणार. टांकसाळी सगळीकडेच होत्या, त्यांनी तो स्वतंत्रपणे शोधला असेल, हा आक्षेप मला मान्य आहे. तसे असले तरी कुळ सोनाराचेच ठरते, फक्त घराणी दोन होतात.

खरा प्रतिस्पर्धी दावा अबकारीचा. बाटलीवरचा ४२.८ हा चमत्कारिक आकडा तिथलाच आहे. दारूत भिजवलेली बंदुकीची दारू पेटली तर माल कसाला उतरला, ही लोकप्रिय गोष्ट सोडून देऊ. इंग्रजांच्या कायद्यात ‘प्रूफ’ म्हणजे ५१ अंश फॅरेनहाइटला तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १२/१३ वजनाचे मद्य, म्हणजे सुमारे ५७.१ टक्के. त्याहून २५ अंश खाली, म्हणजे त्याचे पाऊण, ते ४२.८. महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्कात प्रूफ लिटर हे एकक आजही आहे. मग कॉकटेलचा हिशेबही १८१६ च्या कायद्याने आणलेल्या साइक्सच्या हायड्रोमीटरपासून का धरू नये? कारण साखर. ऊसपट्ट्यात हे वेगळे सांगायला नको: मळीपासून गाळलेल्या अर्काची तीव्रता हायड्रोमीटर नेमकी दाखवतो, पण त्याच अर्कात साखरेचा पाक घातला की द्रव जड होतो आणि यंत्र मद्यार्क कमी दाखवते. पाक, लिकर, फळांचा रस यांच्या मिश्रणापुढे ते निरुपयोगी आहे. ते मिश्रण पुन्हा गाळून मोजावे लागते, नाहीतर सुवर्णगणित मांडावे लागते.

माझ्या मताला सर्वात बोचणारा आक्षेप मात्र रसायनशास्त्राचा आहे. ५० मिली शुद्ध मद्यार्क आणि ५० मिली पाणी मिसळले, तर १०० मिली भरत नाही, ९६-९७ च भरते. म्हणजे मापाने केलेला हिशेब थोडा खोटा ठरतो, पेला सूत्रापेक्षा किंचित कडक निघतो. पण हा दोष सूत्राचा नाही, पेगच्या मापाचा आहे. सोनार तोलतो, आणि मिसळल्याने वजन आटत नाही. तोलून कॉकटेल करणाऱ्याला ‘लीलावती’ची रीत तंतोतंत लागू पडते. फक्त बाटलीवरचे टक्के आकारमानाचे असल्याने आधी वजनी करून घ्यावे लागतात, ४२.८ चे ३६ च्या आसपास होतात.