हनुक्का सण आणि बेने इस्राएलांच्या आगमनाचा काल

कोंकणांतील बेने इस्राएल लोकांच्या आगमनाचा काल ठरवितांना एका सणाच्या अभावावर मोठा भार टाकिला जातो. तो सण म्हणजे यहुदी लोकांचा हिंवाळ्यांतील दीपोत्सव हनुक्का. हा आधार तो भार पेलतो कीं नाहीं, हें पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

प्रथम सणाचें मूळ पाहूं. सीरियाचा यवन राजा चौथा आंतियोख एपिफानेस यानें इ. स. पूर्वीं १६७ च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिरांत परदेवतेची पूजा सुरू केली व सुंता, शब्बाथ इत्यादि आचारांस बंदी घातली. मोदीनचा याजक मत्तथ्या व त्याचे पुत्र यांनीं बंड केलें. त्यांपैकीं यहूदा मक्काबी यानें मंदिर परत मिळवून किस्लेव महिन्याच्या २५ व्या दिवशीं वेदीचें पुनःसमर्पण केलें, वर्ष इ. स. पू. १६५ किंवा १६४. हनुक्का शब्दाचा अर्थच समर्पण. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथांत आठ दिवसांच्या उत्सवाची हकीकत आहे, पण तेलाचा चमत्कार नाहीं. एका दिवसापुरतें शुद्ध तेल आठ दिवस पुरलें, ही कथा कित्येक शतकांनंतर बाबिलोनी तालमुदांत येते. दिव्यांच्या क्रमाचा वादहि तेथेंच आहे: शम्मैचा पक्ष आठांपासून उतरत येई, हिल्लेलचा एकापासून चढत जाई; दुसरा क्रम रूढ झाला. दिवे दाराशीं किंवा खिडकींत लावितात व त्यांच्या उजेडांत काम करीत नाहींत. सण आपल्या कार्तिक किंवा मार्गशीर्ष वद्यांत येतो. दिवाळीप्रमाणें यांतहि अमावास्या सांपडते.

आतां बेने इस्राएलांकडे वळूं. अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपीं वांचलीं, अशी त्यांची परंपरा आहे. तेलाचा धंदा करून शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून ते ‘शनवार तेली’ म्हणविले गेले. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८९७ सालीं लिहिलेल्या व १९३७ सालीं तेल अवीव येथें छापिलेल्या इतिहासांत हें आगमन इ. स. पू. १७५ च्या सुमाराचें धरिलें आहे. पूर्वज मंदिरशुद्धीच्या आधीं निघाले, म्हणून हनुक्का त्यांस ठाऊक नव्हता, अशी ही विचारसरणी.

तर्क सुबक आहे, परंतु निर्णायक नाहीं. नव्याचा सण, दारफळणीचा सण, होळीचा सण, बिरड्याचा सण हीं जुन्या सणांचीं नांवें पाहावीं. पंचांग व पोथी नसतांहि घराच्या दारांत, चुलीपाशीं व शेजाऱ्यांच्या सणाच्या जोडीनें जें टिकण्याजोगें, तें टिकलें. प्रार्थनांपैकीं शेमा तेवढी उरली. शाबुओथ तर खुद्द तोरेंत सांगितलेला सण. तोहि जुन्या मालिकेंत स्पष्ट दिसत नाहीं. म्हणून ते मोशेच्या पूर्वीं निघाले, असें कोणी म्हणत नाहीं! हनुक्काचा आधार तर याहून दुबळा. तो हिब्रू शास्त्रग्रंथांत नाहीं व मिश्नेंत त्याचें स्वतंत्र प्रकरणहि नाहीं. पोथ्या समुद्रांत गेल्यावर असा सण सर्वांआधीं विसरला जाणें साहजिक आहे.

समुद्रमार्गाच्या पुराव्यानेंहि काल आंखडत नाहीं. इ. स. च्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या यवन ग्रंथांत तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर, येथून कापड बंदरांकडे जात असल्याचें लिहिलें आहे; किनाऱ्यावरील सेमिल्ला, म्हणजे चेऊल, हें बंदरहि त्यांत येतें. नवगांव या चेऊलच्या उत्तरेस फार दूर नाहीं. पण हा पुरावा कल्पित आगमनाच्या दोनशें वर्षांनंतरचा. त्यानें येण्याची वाट दिसते, येण्याचा दिवस दिसत नाहीं.

मुंबईंत १७९६ सालीं पहिलें सिनेगॉग झालें. पुढें कोचीनचे शिक्षक आले, १८३२ सालीं जॉन विल्सन यांचें मराठींतील हिब्रू व्याकरण निघालें, आणि एकोणिसाव्या शतकांत हनुक्काचे दिवे या घरांतून लागूं लागले. हा काल कागदपत्रांच्या आटोक्यांतला आहे. जुन्या सिनेगॉगच्या जमाखर्चांत दिव्यांच्या तेलाची नोंद, हस्तलिखित प्रार्थनापुस्तकांत हनुक्काचे आशीर्वाद, घरगुती टांचणांत किस्लेवची तीथ, असें कांहीं संग्राहकांच्या दप्तरीं असल्यास तें प्रसिद्ध करावें. सण केव्हां आला हें तेणेंकरून ठरेल. लोक केव्हां आले, हें मात्र त्या सणाच्या मौनावरून ठरवूं नये.