औषध बसतं कुठे?

रक्त नखशिखांत फिरतं, त्याबरोबर औषधही फिरतं. मग अ‍ॅट्रोपिनच्या इवल्याशा मात्रेनं तोंड कोरडं पडावं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या व्हाव्यात आणि दंडाच्या स्नायूला त्याचा पत्ताही नसावा, असं का? औषध जिथं बसतं त्या जागेची, म्हणजे रिसेप्टरची, कल्पना या कोड्यातून जन्मली, आणि ती जन्मली तेव्हा रिसेप्टर कुणी पाहिलेला नव्हता.

केंब्रिजचा जॉन न्यूपोर्ट लँग्ली पंचविशीत असताना मांजराच्या लाळग्रंथींवर प्रयोग करत होता. पायलोकार्पिन दिलं की लाळ वाहायची, अ‍ॅट्रोपिन दिलं की थांबायची, पायलोकार्पिन वाढवलं की पुन्हा सुरू व्हायची. दोन्ही औषधं एकाच कशावर तरी हक्क सांगत असणार, असं त्यानं १८७८ मध्ये लिहिलं. ते ‘कशावर तरी’ पकडायला त्याला आणखी सत्तावीस वर्षं लागली.

१९०५ चा प्रयोग कोंबडीवरचा. निकोटिन टोचलं की तिचे स्नायू आखडत. लँग्लीनं स्नायूकडे जाणारी नस कापली, तिचं टोक झिजून नष्ट होऊ दिलं आणि मग निकोटिन टोचलं. स्नायू तरीही आखडला. म्हणजे औषध नसेच्या टोकावर काम करतं हा तोवरचा समज गेला. मग त्यानं क्युरारे दिलं. हे दक्षिण अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या बाणांना लावायचं विष. निकोटिनचा परिणाम मावळला, पण त्याच स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो झकास आकसला. आकसण्याची यंत्रणा शाबूत होती, अडलं होतं ते मधल्या दुव्यावर. स्नायूतल्या या दुव्याला लँग्लीनं ‘ग्रहण करणारा पदार्थ’ म्हटलं. ‘रिसेप्टर’ हे नाव जर्मनीतल्या पॉल एर्लिखच्या घरचं, पण त्यानं ते योजलं होतं जंतूंच्या विषांसाठी. निकोटिनसारखी औषधं तर धुतली की सहज निघून जातात, त्यांना कसले रिसेप्टर, असं त्याचं म्हणणं. ते त्यानं १९०७ च्या सुमारास सोडलं.

क्युरारेचं वागणं पंगतीत उपवासवाल्यानं पाट अडवून बसावं तसं. तो जेवत नाही आणि भुकेल्याला बसूही देत नाही. भुकेल्यांची गर्दी वाढली तर मात्र त्याला उठावं लागतं. बसण्याची ओढ वेगळी आणि बसल्यावर काम करून घेण्याची ताकद वेगळी, हा भेद मात्र नीट मांडला गेला तो १९५० च्या दशकात. त्याच सुमारास औषधशास्त्रज्ञ स्टीफन्सननं दाखवलं की पूर्ण परिणामासाठी सगळे रिसेप्टर भरावेच लागतात असंही नाही.

अमेरिकेतल्या रेमंड अल्क्विस्टनं १९४८ मध्ये अ‍ॅड्रेनलिनच्या जातकुळीतली सहा द्रव्यं वेगवेगळ्या अवयवांवर तपासली. त्यांच्या जोराचे क्रम लावले तर ते दोनच निघाले. मग रिसेप्टरही दोन तऱ्हांचे असणार: अल्फा आणि बीटा. औषधशास्त्राच्या नियतकालिकानं हा निबंध परत केला आणि तो दुसरीकडे छापावा लागला. माझ्या मते रिसेप्टरवरचा हा सगळ्यात धाडसी निबंध. जेम्स ब्लॅकनं पुढे बीटावर ठाण मांडणारं प्रोप्रॅनोलॉल घडवलं आणि हृदयरोगाचे उपचार पालटले.

अल्फाची गोष्ट महाडपर्यंत येते. कोकणातला लाल विंचू चावला की त्याचं विष शरीरातल्याच अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोट सोडतं. ती अल्फा रिसेप्टरवर तुटून पडतात. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी या रुग्णांना दिली आणि १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध केलं. प्राझोसिन अल्फाच्या जागा अडवतं. विष मात्र ते नष्ट करत नाही, म्हणून गोळी एकदाच देऊन भागत नाही. दर तीन तासांनी, हातपाय उबदार होईपर्यंत. रुग्णाला या काळात आडवंच ठेवायचं. उठवून बसवलं तर त्याच गोळीनं रक्तदाब एकदम घसरतो.