गुत्ता, भट्टी, परमिट रूम

गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ शिकवताना वर्गात दरवर्षी ठरावीक प्रश्न येतात. सिंधू माहेरी का जात नाही, सुधाकराची शोकांतिका खरी की ओढूनताणून आणलेली, तळीराम खलनायक की विदूषक. यंदा बाभुळगावकडून एस.टी.ने येणाऱ्या एका विद्यार्थिनीने वेगळेच विचारले. आर्यमदिरामंडळातली ही माणसे बसतात ती जागा चांगली की वाईट? वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. म्हणाली, “भट्टी मला माहीत आहे सर, पण बाहेरून. आत असं काय चांगलं असतं की माणसं रोज जातात, हे नाटकात तरी सापडेल असं वाटलं होतं.”

तास संपला. प्रश्न मात्र आमच्याबरोबर स्टाफरूममध्ये आला. आम्ही मराठीचे अध्यापक. वीस-वीस वर्षे हे नाटक शिकवीत आहोत. आणि दारू पिण्याची जागा कशाने चांगली ठरते नि कशाने टाळण्याजोगी होते, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता.

इंग्रजीत हा विचार झाला आहे. जॉर्ज ऑर्वेलने फेब्रुवारी १९४६ मध्ये लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’मध्ये ‘द मून अंडर वॉटर’ नावाच्या आपल्या आवडत्या पबवर लेख लिहिला. तेथे गप्पा मारता याव्यात इतकी शांतता असते, रेडिओ किंवा पियानो नसतो, वाढणाऱ्या बाया गिऱ्हाइकांना नावाने ओळखतात, तिकिटे नि डोकेदुखीच्या गोळ्याही मिळतात. शेवटी तो कबूल करतो की असा पब अस्तित्वातच नाही. या लेखातली आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे मागची बाग. ती असल्यामुळे सगळे कुटुंब येऊ शकते, बाईला मूल सांभाळत घरी बसावे लागत नाही. म्हणजे पबची परीक्षा ऑर्वेलने दारूवर केलेली नाही. तेथे कोण बसू शकते यावर केली आहे.

आपल्याकडे असे निकष नव्हतेच, असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. पानागाराला अनेक दालने असावीत, बसण्या-निजण्याची सोय वेगवेगळी असावी, सुगंध, फुले आणि पाणी असावे, सर्व ऋतूंत ते सुखकर असावे, असे तेथे सांगितले आहे. नशेत गिऱ्हाइकाची चीजवस्तू हरवली तर भरपाई दुकानदाराने करावी आणि वर दंडही द्यावा, हेसुद्धा आहे. अर्थात त्याच दालनांत कोण किती खर्च करतो यावर हेर नजर ठेवीत. कौटिल्य फुकट काही देत नाही. तरीही माणूस बसणार आहे, त्याला बरे वाटले पाहिजे, ही जाणीव त्या प्रकरणात आहे.

मग मधल्या काळात काय झाले? आम्हांला उत्तराचा धागा शब्दांत सापडला. इंग्रजीतला ‘पब’ म्हणजे ‘पब्लिक हाऊस’, लोकांचे घर. गोव्यात पोर्तुगिजांनी ‘तावेर्न’ दिले. तेही मुळात एका वास्तूचे नाव. आता मराठी शब्द पाहा. ‘गुत्ता’ म्हणजे मूळात मक्ता, ठेका. कानडीतल्या ‘गुत्तिगे’शी त्याचे नाते उघड आहे, आणि मराठवाड्यात रस्त्याच्या कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. म्हणजे दारू विकण्याचा ठेका हेच त्या जागेचे नाव झाले. ‘आबकारी’ हा खात्याचा शब्द. ‘अड्डा’ पोलिसांच्या तोंडचा. ‘सरकारमान्य देशी दारूचे दुकान’ तर उघडच परवान्यावरून उतरलेले. आणि ‘परमिट रूम’ ही जगातली बहुधा एकमेव पेयशाळा असावी जिचे नाव तिच्यात शिरायला लागणाऱ्या कागदावरून पडले. बसणे, भेटणे, गप्पा यांवरून पडलेला एकही शब्द आम्हांला आठवेना. (‘बैठक’ आठवली, पण ती गाण्याची किंवा दिवाणखान्यातली.)

आमच्या वऱ्हाडात आणखी एक शब्द आहे, ‘भट्टी’. देशी दारूच्या दुकानाला येथे भट्टी म्हणतात, आणि तेथे काहीही गाळले जात नाही. बाटल्या कारखान्यातून येतात. मग भट्टी का? आमचे अनुमान असे, की हा शब्द इंग्रजी अमदानीतल्या जुन्या पद्धतीचा अवशेष आहे. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. एखाद्या टापूत दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात द्यायचा, ही तेव्हाची आबकारीची रूढ रीत. लिलाव घेणारा जेथे गाळी तेथेच विकी, म्हणून भट्टी आणि दुकान एकच. पुढे सरकारने गाळण्याचे काम मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांकडे नेले, कारण तेथे दारूची तीव्रता मोजून कर बसवता येई. दुकानातली भट्टी विझली, नाव राहिले.

पण त्याआधीही एक भट्टी होती, आणि तिला मक्ता लागत नसे. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले पडत, गोंड-कोलामांच्या पाड्यांवर ती वाळवली जात, घरोघर गाळली जात. देवाला धार, पाहुण्याला पेला, लग्नात, मरणात. बायाही पीत. त्यातले सगळेच गोड होते असे आम्ही म्हणत नाही. पण ती दारू माणसांच्या घडामोडींना बांधलेली होती, सणाला होती आणि सण सरला की सरत होती. आबकारीने घरचे गाळणे गुन्हा ठरवले आणि पिणाऱ्याला मक्तेदाराच्या दाराशी नेले. मक्तेदाराने बोलीचे पैसे आधी मोजलेले. ते वसूल करायचे तर दुकान रोज चालले पाहिजे. त्याने बाकडी कशाला टाकावीत? बसलेले गिऱ्हाईक जागा अडवते. कौटिल्याची दालने आणि फुले येथे संपली असावीत. हेर तेवढे उरले, निरीक्षकाच्या रूपाने.

महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये त्यांनी शहरातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी हरकत घेतली होती. दारू वाईट हे सांगणारे संत पुष्कळ झाले. महसुलासाठी दुकाने वाढवणाऱ्या कारभारावर बोट ठेवणारे थोडे, आणि जोतीरावांचे ते पत्र त्या थोड्यांत येते.

नंतरचा इतिहास कायद्यांचा आहे, म्हणून भराभर सांगतो. १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात दारूबंदीचा कायदा झाला. १९५६ साली विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा इकडेही लागू झाला. साठच्या दशकात बंदी सैल झाली, १९७३ साली देशी दारूचे नियम आले. गंमत अशी, की आजही राज्यातले प्रत्येक दुकान ज्या अधिनियमाखाली चालते त्याचे नाव ‘दारूबंदी अधिनियम’ आहे. पिणाऱ्याजवळ परवाना हवा, आणि तो प्रकृतीस्वास्थ्य राखण्यासाठी मिळतो! बंदीच्या घरात अपवादाने उघडलेली खोली ती परमिट रूम. अशा खोलीला खिडकी, बाग कशी असणार? मंद दिवे आणि काळ्या काचा हेच तिचे वास्तुशास्त्र.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा मान राखायचा म्हणून आम्ही दोघे एका संध्याकाळी रस्त्यावरच्या एका भट्टीत जाऊन आलो. लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी फट. फटीतून पैसे आत, बाटली बाहेर. कडेला सिमेंटचा कट्टा, त्यावर उभ्यानेच पेला संपवून, चिमूटभर मीठ किंवा दोन फुटाणे तोंडात टाकून माणसे परत जात होती. कापूस वेचणीचे दिवस होते, हातांना तो दिवसभराचा ओरखडा दिसत होता. अर्ध्या तासात आम्ही एकही संभाषण ऐकले नाही. भांडणही नाही. आम्हांला भांडणाची भीती होती. तेथली शांतता अधिक अस्वस्थ करून गेली. समोरच्या चहाच्या टपरीवर मात्र भाव, पाऊस, निवडणूक सगळे चालले होते. ऑर्वेलच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी त्या टपरीवर होत्या: नावाने हाक, उधारी, वर्तमानपत्र, बसायला बाक.

मग आमच्या साहित्यात त्या जाळीच्या आतले काही नाही, याचे नवल वाटेनासे झाले. माधव जूलियनांनी खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, तेव्हा मदिरालय फारसीतून आले. यवतमाळचे वकील, शिकारी आणि शायर भाऊसाहेब पाटणकर यांच्या मराठी शायरीतले मद्यही मैफलीचे. त्याला भट्टीचा वास नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दारू दिसते ती वडिलांच्या रूपाने घरात शिरलेली. गडकऱ्यांनी मात्र एक मंडळी दाखवली. शास्त्री आणि खुदाबक्ष एका पंक्तीला बसलेले! जातिधर्माच्या भिंती पाडणारे हे एकमेव मंडळ आहे हे त्यांनी ओळखले आणि त्यावर मनसोक्त हसून घेतले. पण तेही ‘मंडळ’ आहे, त्या काळच्या सभासंस्थांचे विडंबन. गुत्त्याचे ते चित्र नव्हे. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी आमच्याच विदर्भात, सावनेरला वारले. नाटक रंगभूमीवर आले ते त्यानंतर.

तेव्हा भट्टीची खरी समीक्षा लिहिली ती बाहेरून पाहणाऱ्यांनी. गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले, आणि मुलीच्या बारशाला जातीची रीत मोडून त्यांनी दारू-मटणाऐवजी गोड जेवण घातले, ही आमच्या अमरावतीकडची कथा सर्वांना ठाऊक आहे. २००८ साली सरकारने ही समीक्षा मतपत्रिकेवर आणली. गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहावे, आडवी बाटली म्हणजे जावे. मात्र आडव्या बाटलीला मते हवीत ती झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक नव्हेत, यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून अधिक. जी कामाला परगावी गेली, जी माहेरी आहे, जी मरून यादीत उरली आहे, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीच्या पदरात पडते. शिवाय वर्धा नदीपलीकडचा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा आहे, त्यामुळे अलीकडची दुकाने केवळ अलीकडच्या लोकांवर चालत नाहीत. हिशेब दोन जिल्ह्यांचा आणि मतदान एका गावाचे.

हे सारे आम्ही पुढच्या तासाला वर्गात सांगितले. ती विद्यार्थिनी लिहून घेत होती. शेवटी आम्ही तिला विचारले, तुझ्या मते जागा चांगली कधी म्हणायची? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, तिच्या गावची भट्टी फाट्यावर आहे, म्हणून संध्याकाळच्या गाडीने येणाऱ्या मुली एक थांबा आधी उतरतात आणि शेतातून चालत घरी जातात. “फाट्यावर उतरता आलं, सर, तर आत काय आहे ते मला नाही कळलं तरी चालेल.”