तेर (प्राचीन तगर) : पांढरीतील वस्तीच्या खुणा आणि त्यांचा अर्थ

प्रस्तावना

ग्रामीण महाराष्ट्रात गावाच्या भूमीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग परंपरेने मानले जातात. काळी म्हणजे पिकाखालील जमीन आणि पांढरी म्हणजे राहत्या वस्तीची जागा. मातीच्या भिंती, राख, चुना, विटा व खापरे यांचे थर शतकानुशतके एकावर एक साचत गेल्याने वस्तीच्या मातीला पांढुरका रंग येतो. पुरातत्त्वज्ञ ज्यांना वस्तीची टेकाडे म्हणतात, ती बहुधा अशीच जुनी पांढरी असते. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर हे गाव या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. सातवाहन काळातील नगर ते यादव काळातील गाव हा या वस्तीचा प्रवास लिखित साधने, उत्खनन, वास्तू आणि ग्रामनाम या चारही अंगांनी तपासता येतो. या साधनांचा परस्परसंबंध लावून वस्तीचे सातत्य पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लिखित साधने व स्थाननिश्चिती

इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नावाचे मोठे नगर असल्याचा उल्लेख आहे. तेथून साधे कापड, तलम कापड व इतर माल गाड्यांतून, बिकट वाटेने भडोच बंदराकडे जात असे. पुढे ठाणे-पनवेल परिसरावर राज्य करणाऱ्या उत्तर कोकणच्या शिलाहारांनी आणि कोल्हापूरच्या शिलाहारांनी 'तगरपुरवराधीश्वर' हे बिरुद धारण केले. कोकणातील या राजांचे राज्य तगरावर नव्हते. आपल्या कुळाच्या मूळ स्थानाचा अभिमान त्यांनी या बिरुदातून जपला.

ठाणे येथे १७८७ साली सापडलेल्या अरिकेसरी शिलाहाराच्या शके ९३९ (इ. स. १०१७) मधील ताम्रपटामुळे तगराचा प्रश्न आधुनिक अभ्यासकांपुढे आला. विल्फर्ड यांनी तगर म्हणजे देवगिरी, भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर, तर रा. गो. भांडारकर यांनी धारूर असे मत मांडले. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे साधार दाखविले. पैठण ते तेर हे सरळ अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. दिशा नेमकी पूर्व नसून आग्नेय असली, तरी दहा दिवसांच्या मजलांशी हे अंतर जुळते. नामसाधर्म्याचा पुरावाही तितकाच बळकट आहे. स्वरांमधील 'ग' लोप पावून 'नगर'चे 'नेर' झाले (अंमळनेर, पिंपळनेर), त्याच नियमाने 'तगर'चे 'तेर' झाले.

उत्खनित अवशेष व लामतुरे संग्रह

१९५८ साली चापेकर यांनी तेर येथे उत्खनन केले. त्यानंतरच्या दशकात शां. भा. देव प्रभृतींनी केलेल्या उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले. येथील सातवाहनकालीन पुराव्यात काळी-तांबडी मृद्भांडी, मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती, तसेच रोमन नाण्यांची नक्कल करणारी मातीची पदके यांचा समावेश होतो. पेरिप्लसमधील व्यापारी नगराचे वर्णन या वस्तूंमुळे प्रत्यक्षात उतरते.

तथापि तेरच्या अनेक उत्कृष्ट वस्तू नियोजित उत्खननातून आलेल्या नाहीत. पावसाने धुपलेल्या व खणल्या गेलेल्या पांढरीतून वर आलेल्या वस्तू गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी चिकाटीने जमविल्या. हा संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. त्यातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती विशेष प्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली अशाच घडणीची मूर्ती सापडली होती. म. के. ढवळीकर यांनी तिचे साम्य तेर व भोकरदन येथील हस्तिदंती कामाशी दाखविले. पाँपेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले असल्याने तेथील मूर्ती त्यापूर्वीची आहे, हे निश्चित होते. तेरच्या मूर्तीला मात्र स्वतःचा थर नाही. तिचा काळ ठरविण्यासाठी दूरच्या पाँपेईचा आधार घ्यावा लागतो. ती ज्या थरात होती तो कायम असता, तर ती कारागिराच्या घरातील होती की व्यापाऱ्याच्या, हेही कदाचित सांगता आले असते. वस्तू वाचली, पण तिचा संदर्भ हरपला.

मध्ययुगीन वस्ती

सातवाहनोत्तर काळात दूरवरच्या व्यापाराला ओहोटी लागली आणि तगराचे नगरपण ओसरले. वस्ती मात्र उठली नाही. त्रिविक्रम मंदिर ही वास्तू या संक्रमणाची साक्ष देते. विटांनी बांधलेले, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आणि गजपृष्ठाकार छताचे हे मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडले. त्याच्या मूळ स्वरूपाविषयी व काळाविषयी मतभेद असले, तरी आज त्यात त्रिविक्रमाची पूजा होते आणि पुढील मंडप नंतरचा आहे, हे स्पष्ट आहे. विटांचे उत्तरेश्वर मंदिर व त्याची कोरीव लाकडी द्वारशाखा हीदेखील या परंपरेतील महत्त्वाची साधने होत.

साधारण अकराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात 'तेरापूर' असा उल्लेख येतो. शिलाहारांच्या संस्कृत ताम्रपटांत 'तगर' टिकून असतानाच लोकभाषेत 'तेर' रूढ झाले होते, हे यावरून दिसून येते. राजबिरुदात नगर उरले आणि बोलीत गाव नांदत राहिले. पुढे वारकरी परंपरेत हेच तेर गोरोबा काकांचे, म्हणजे संत गोरा कुंभार यांचे गाव म्हणून सर्वतोमुखी झाले. ज्या गावाचा प्राचीन इतिहास मुख्यत्वे खापरांवरून वाचावा लागतो, त्याची मध्ययुगीन ओळखही एका कुंभाराच्या नावाशी निगडित असावी, हे लक्षणीय आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, तगराचा ऱ्हास म्हणजे वस्तीचा अंत नव्हे. व्यापार गेला, राजाश्रय बदलला, पूजास्थानांचे स्वरूप पालटले. पांढरीवरील जीवन मात्र चालू राहिले. कोणतेही एक साधन हे सातत्य एकट्याने सिद्ध करू शकत नाही. ग्रंथ अंतर सांगतो, ग्रामनाम ओळख पटविते, वास्तू बदल दाखविते आणि थर काळाचा क्रम लावतो. यांपैकी ग्रंथ व ताम्रपट पुन्हा वाचता येतात. एकदा उकरलेला थर पुन्हा रचता येत नाही. म्हणूनच घरबांधणीसाठी वा शेतात टाकण्यासाठी पांढरीची माती उपसली जाते, तेव्हा गावाच्या इतिहासाचे एकमेव हस्तलिखित नष्ट होत असते. वेगाने नागरीकरण होत असलेल्या कोकणातील गावठाणांनाही हे लागू पडते. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या परिसरातील जुन्या गावठाणांची, वीरगळांची व मंदिरांच्या अवशेषांची स्थाननिश्चितीसह नोंद ठेवली, तर लामतुरे यांच्या एकाकी प्रयत्नांना शास्त्रीय पद्धतीची जोड मिळेल. वस्तूंबरोबर त्यांचा संदर्भ वाचविण्याचा तोच खात्रीचा मार्ग होय.